झाकणावरची रेघ

एका घाटाखाली एक गाव होतं आणि गावाच्या वेशीवर एक धर्मशाळा. घाट चढण्याआधी वाटसरू तिथं टेकायचे. आजूबाजूला सगळं वाळलं गवत, त्यामुळे उघड्यावर चूल मांडायला बंदी होती. धर्मशाळेत मात्र एक मोठी चूल होती. आपापला शिधा खिडकीतून आत द्यायचा आणि शिजलेलं अन्न खिडकीतूनच परत घ्यायचं, अशी तिथली रीत.

आता तुम्ही म्हणाल, संगणक कसा चालतो ते सांगायला बसलात आणि ही चूल कुठून काढलीत? जरा दम धरा. संगणकाच्या पोटात काय चालतं, हे कळायला या चुलीसारखी दुसरी सोपी जागा नाही.

चुलीपाशी सोपाना आचारी असायचा. हाताचा इतका चपळ, की बघणाराच दमावा. पण एका वेळी त्याला एकच पातेलं जमायचं आणि डोक्यात काही म्हणून राहायचं नाही. मघाशी मीठ टाकलं का, असं विचारलं तर बिचारा पातेल्याकडे बघत बसायचा. सांगितलेलं काम मुकाट्यानं करायचं, एवढंच त्याला ठाऊक. संगणकातही असा एक आचारी असतो, त्याला प्रोसेसर म्हणतात. झपाटा मोठा, पण आपलं आपण काही ठरवत नाही.

ठरवायची ती कारभारीण ठकूबाई. खिडकीशी कोण आलं, कुणाचा शिधा काय, कुठलं पातेलं चुलीवर आणि कुठलं खाली, सगळं तिच्या नजरेत असायचं. पातेलं चुलीवर चढलं की ती हळू आवाजात ओवी म्हणायला लागायची. ओवी संपली की म्हणायची, "सोपाना, हे उतरव. ते चढव." मग दुसऱ्याचं पातेलं आणि दुसरी ओवी. असं फिरत फिरत दहा जणांचं अन्न शिजायचं आणि बाहेर बसलेल्या प्रत्येकाला वाटायचं, चूल आपल्यासाठीच पेटलीय. तुम्ही संगणकावर एकीकडे गाणं ऐकता, दुसरीकडे पत्र लिहिता, तेव्हा तुम्हालाही तसंच वाटतं ना? तिथंही ओव्या चालू असतात. फक्त इतक्या भराभर, की आपल्याला पत्ता लागत नाही.

पण अर्ध्यावर उतरवलेलं पातेलं पुन्हा चढवायचं, तर ते कुठवर आलं होतं हे कळायला नको? सोपानाला तर आठवण नाही. म्हणून ठकूबाई प्रत्येक झाकणावर खडूनं खूण करायची. मीठ पडलं की आडवी रेघ. फोडणी पडली की उभी. सोपानानं झाकण बघायचं आणि पुढचं काम करायचं. त्या दोन रेघांवर सगळा स्वयंपाक चालायचा.

ओटाही लहानच. पाच पातेली मावली तर मावली. म्हणून लागणारं तेवढं ओट्यावर ठेवायचं आणि बाकीचं अंगणापलीकडच्या कोठारात. कोठार भलं मोठं, पण जाऊन यायला वेळ लागायचा. संगणकात त्या ओट्याला मेमरी म्हणतात आणि कोठाराला डिस्क. ओट्यावर काय राहील आणि कोठारात काय जाईल, हेही ठकूबाईच बघायची.

आणि तिचा एक नियम फार कडक होता. स्वयंपाकघरात बाहेरचं कुणी यायचं नाही. मग तो कुणीही असो. काय हवं ते खिडकीशी सांगा, आतलं आम्ही बघतो.

असं सगळं बिनबोभाट चालायचं. जेवून उठताना लोक ढेकर देत म्हणायचे, "वा सोपाना! तुझ्या हाताला काय चव आहे!" सोपाना हसून मान डोलवायचा. ठकूबाईला मात्र कुणी काही म्हणायचं नाही. ती आहे हेच कित्येकांना माहीत नव्हतं. बारा वर्षं झाली होती. खोटं कशाला बोला, आताशा तिला ते लागायला लागलं होतं. "एकदा तरी," झाकणं धुताना ती पुटपुटायची, "एकदा तरी कुणीतरी म्हणावं, की बाई, हे तुमच्यामुळे चाललंय."

एके दिवशी सकाळी सारजा नावाची धनगरीण खिडकीशी आली. बरोबर म्हातारा सासरा, तापानं फणफणलेला. सारजानं मूठभर तांदूळ आत दिले.

"आक्का, मामंजींना नुसती पेज करून द्या. वैद्यांनी पुडी दिलीय, पण उपाशीपोटी देऊ नको म्हणालेत. आणि ऊन उतरायच्या आत दिली पाहिजे, नाहीतर ताप डोक्यात चढेल."

"बस गं बाई सावलीत," ठकूबाई म्हणाली. "पेजेला कितीसा वेळ! तीन ओव्यांत होईल." पेजेचं पातेलं चढलं, मीठ पडलं, ओवी संपली, पातेलं उतरलं, झाकणावर आडवी रेघ आली. आता पुढच्या फेरीची वाट बघायची.

तेवढ्यात बाहेर घोडे थांबले. रंगराव सुभेदार तीस माणसं घेऊन आले होते. त्यांचा कारभारी कृष्णाजी तडक खिडकीशी आला.

"सुभेदारांचा मसालेभात आधी झाला पाहिजे."

"पाळी येईल तसं होईल," ठकूबाई म्हणाली. "चूल कुणा एकाची नाही."

कृष्णाजी होता बोलण्यात पटाईत. त्यानं आत डोकावून पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "काय व्यवस्था आहे हो! आता कळलं. लोक उगाच त्या आचाऱ्याचं नाव घेतात. हे सगळं तुम्ही चालवता, बाई. सुभेदारांच्या कानावर घालतो मी हे."

झालं! बारा वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली, ते असे आयते खिडकीतून आत आले. ठकूबाई विरघळली. तिनं पदर सारखा केला, आणि जे दार तिनं कुणाला कधी उघडलं नव्हतं, ते उघडलं.

"आजच्या दिवस या आत," ती म्हणाली. "चूल तुमची."

कृष्णाजी दोन माणसं घेऊन आत आला. त्यांनी ओट्यावर मसाल्यांचे डबे मांडले, नारळ मांडले, परातीवर परात रचली. बाकीच्यांची पातेली उचलून खाली कोपऱ्यात सरकवली. त्यातला एक होता स्वच्छतेचा भोक्ता. झाकणांवरच्या खुणा बघून तो नाक मुरडून म्हणाला, "काय ही झाकणं! नुसती खडूनं बरबटलीयत." आणि ओलं फडकं घेऊन त्यानं सगळी लख्ख पुसून काढली.

ठकूबाईनं ते पाहिलं. पण आत्ताच तर हे लोक आपल्याला चांगलं म्हणाले, आत्ताच कसं टोकायचं? ती पाठ वळवून लाकडं सारखी करायला लागली.

सोपानानं सवयीनं झाकणं पाहिली. एकावरही रेघ नाही. म्हणजे मीठ पडलेलं नाही. त्यानं एकेका पातेल्यात प्रामाणिकपणे मीठ टाकलं.

इकडे मसालेभाताचंही घोडं अडलं. कृष्णाजीच्या एका माणसानं मोठं पातेलं धरून ठेवलं होतं आणि त्याला हवा होता डाव. दुसऱ्यानं डाव धरून ठेवला होता आणि त्याला हवं होतं पातेलं.

"आधी डाव दे, मग पातेलं सोडतो."

"वा रे शहाण्या! आधी पातेलं दे, मग डाव सोडतो."

दोघंही हट्टाला पेटले. हातातलं कुणी सोडेना. चूल धडधडा पेटलेली आणि तिच्यावर काहीच नाही! सोपाना घाम पुसत रिकाम्या चुलीला फुंकर घालत उभा. संगणक कधी कधी असाच अडकतो. आत सगळं असतं, धगही असते, पण पुढं काही सरकत नाही. आपण उगाच बटणं बडवत बसतो.

खिडकीशी सारजा तिसऱ्यांदा आली. "आक्का, ऊन उंबऱ्यापर्यंत सरकलं हो. मामंजी आता हाकेला ओसुद्धा देत नाहीत. झाली का पेज?"

ठकूबाई धावत कोपऱ्याकडे गेली. पातेल्यात बोट बुडवून जिभेवर ठेवलं आणि तिचं तोंड वाकडं झालं. नुसतं खारट! आजाऱ्याच्या घशाखाली एक घोट उतरला नसता. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. यात सोपानाचा दोष नव्हता, त्या फडकेवाल्याचाही नव्हता. दार तिनं उघडलं होतं.

तिनं पदर खोचला.

"सगळे बाहेर!"

"अहो बाई," कृष्णाजी हसला, "सुभेदारांना काय सांगू? तुमचं नाव घेणार होतो मी."

"नाव राहू द्या. डाव खाली ठेवा, पातेलं खाली ठेवा आणि बाहेर व्हा."

तिच्या आवाजात असं काही होतं, की दोघांच्या हातातून दोन्ही वस्तू एकदम सुटल्या. दार लागलं. ठकूबाईनं लाकडं मागं ओढली, ओटा रिकामा केला, बिघडलेलं सगळं बाजूला काढलं. मग सोपानाला चूल नव्यानं पेटवायला सांगितली. अडकलेला संगणक आपण बंद करून पुन्हा चालू करतो ना, अगदी तसंच.

सारजाकडे दुसरे तांदूळ नव्हते. ठकूबाईनं आपल्या वाटचे काढले. सगळ्यात आधी पेज चढली. मीठ पडलं. झाकणावर आडवी रेघ आली. ती नीट उमटलीय ना, हे ठकूबाईनं दोनदा पाहिलं.

चुलीचा धूर मध्येच का थांबला, ते बघायला स्वतः सुभेदार खिडकीशी आले. कृष्णाजी मागून काहीबाही सांगत होता. ठकूबाईनं हात जोडले.

"चूक माझी आहे, सरकार. कौतुकाला भुलले आणि पाळी मोडली. ज्यांचं अन्न बिघडलं, त्यांचं आधी करणार. तुमचं त्यानंतर. रागावायचं तर माझ्यावर रागावा."

सुभेदारांनी झाडाखाली निपचित पडलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या खडूनं पांढऱ्या झालेल्या बोटांकडे. "किती ओव्या लागतील?" त्यांनी एवढंच विचारलं.

"वीस तरी."

"बरं," असं म्हणून ते सावलीत जाऊन बसले.

पेज वेळेत झाली. सारजानं फुंकून फुंकून वाटीभर पाजली, वर पुडी दिली. ऊन उतरता उतरता म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला आणि त्यानं डोळे उघडले. "सूनबाई," तो क्षीण आवाजात म्हणाला, "पेजेला मीठ अगदी बेतानं पडलंय गं." सारजा रडता रडता हसली.

मग एकेकाची पातेली फिरली, ओव्या झाल्या, रेघा उमटल्या. सगळ्यात शेवटी सुभेदारांचा मसालेभात आला. ते पोटभर जेवले आणि हात धुताना आत बघून मोठ्यानं म्हणाले, "वा सोपाना! तुझ्या हाताला काय चव आहे!"

सोपानानं मान डोलावली. ठकूबाई झाकणं धूत होती. तिला खुदकन हसू आलं. मग तिनं खडू उचलून पदराच्या गाठीला बांधला आणि पुढच्या वाटसरूचा शिधा घ्यायला खिडकीशी गेली.

संगणकातल्या ठकूबाईला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तुम्ही गाण्याला वाहवा म्हणता, चित्राला वाहवा म्हणता. तिचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. ते येतं फक्त संगणक अडकला की. आणि तेव्हाही शिव्या घालायलाच!

तात्पर्य: दहा जणांचं काम ज्याच्या हाती आहे, त्यानं कौतुकासाठी पाळी मोडू नये आणि नोंद पुसू देऊ नये, आणि ज्याचं काम दिसत नाही, ते काम नाहीच असं बाकीच्यांनी समजू नये.