चोरट्या कॅसेटी

“मग पहिली कुठली घेऊ?”

निरंजननं पुन्हा विचारलं.

कॅप्टन दाब्रे पानवेलीपाशी उकिडवे बसले होते. केळीच्या खोडाच्या वाळक्या सालीची, सोपटाची, पट्टी दातांत धरून ते वेलाचा शेंडा काठीला लावत होते. त्यांनी गाठ मारली. ओढून पाहिली. मग पुढचा वेल हातात घेतला.

“कसली पहिली?”

“कॅसेट. कॉपर मेरिडियनची. संग्रह सुरू करायचाय मला. दुकानात मिळतात त्यांचा नाही... चोरट्या रेकॉर्डिंगचा.”

“बरं...”

म्हाताऱ्यानं सोपटाची दुसरी पट्टी दातांत धरली.

निरंजन सबनीस सकाळीच ठाण्याहून निघून वसईतल्या त्या वाडीत पोचला होता. पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस. जाहिरातींचे आणि मालिकांचे आवाज स्वच्छ करणं हा त्याचा धंदा. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा हॉर्न, नटाच्या घशातली खरखर, सगळं तो असं काढून टाकायचा की मागमूस राहत नसे. त्याच्या कानाला त्या धंद्यात मान होता, आणि तो मान आहे हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं.

कॉपर मेरिडियन हा परदेशी रॉक बँड त्याच्या कॉलेजच्या दिवसांपासूनचा. त्यांचे सगळे अल्बम त्याला तोंडपाठ होते. ड्रमवर काठी पडण्याआधी गायक श्वास कुठे घेतो, तेसुद्धा. बँड केव्हाच फुटला होता. गेल्या वर्षी गायकही गेला. म्हणजे आता नवीन काही येणार नव्हतं.

ती बातमी वाचून निरंजन सैरभैर झाला. कोणाला तरी सांगावं असं वाटलं, पण सांगायचं कोणाला? बायको वेगळी होऊन बराच काळ लोटला होता. मित्र एकेक करत नुसते फोनमध्ये उरले होते.

अशात एका ओळखीच्या माणसानं त्याला एक तुकडा ऐकवला. कोणा प्रेक्षकानं कोटात रेकॉर्डर लपवून टिपलेला कार्यक्रम. गाणं माहितीतलंच, पण मधलं एक कडवं निराळं. निरंजनच्या अंगावर काटा आला. म्हणजे अजून आहे तर... संपलेलं नाही.

त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. ज्याला विचारावं तो एकच सांगे, वसईला जा, कॅप्टनकडे.

कॅप्टन हे नुसतं शौकिनांनी पाडलेलं नाव. इग्नेशस दाब्रे मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिशियन होते. जहाज ज्या बंदराला लागे, तिथं हा बँड आलेला असला की ते कोटाच्या आत छोटा रेकॉर्डर घालून जायचे. ते काही विकत नाहीत, कॉपी करू देत नाहीत, अशी त्यांची ख्याती. मनात आलं तर बसवून ऐकवतात. नाही आलं तर पानाचा विडा देतात आणि वाटेला लावतात.

“कशाला हवाय संग्रह?” कॅप्टननी मान वर न करता विचारलं.

“त्यांचं सगळं ऐकून झालंय.”

“मग झालं की.”

“तसं नाही. एकच गाणं त्यांनी किती रात्री, किती तऱ्हांनी वाजवलंय. ते सगळं मला हवंय.”

“आणि तू?”

“मी काय?”

“तू किती तऱ्हांनी ऐकलंस?”

असे प्रश्न म्हाताऱ्या माणसांना परवडतात, असं निरंजनच्या मनात येऊन गेलं.

कॅप्टन गुडघ्यावर हात टेकून उठले. उरलेलं सोपट खांद्यावर टाकलं आणि घराकडे चालू लागले. ये म्हणाले नाहीत. जा म्हणाले नाहीत.

निरंजन मागोमाग गेला.

पुढच्या घरात पुतण्याचा संसार होता. मागच्या दोन खोल्या कॅप्टनच्या. आतल्या खोलीत लोखंडी कपाट, कपाटात कॅसेटींच्या रांगा. ते कपाट उघडलं तसा निरंजनचा जीव गोळा झाला. इतकी वर्षं ज्या आवाजांची त्याला कल्पनाही नव्हती, ते इथं केळीच्या बागेत दाटीवाटीनं उभे होते.

तो वाकून पट्ट्या वाचू लागला. आणि गोंधळला.

पट्ट्यांवर गावाचं नाव नव्हतं, साल नव्हतं, गाणी नव्हती. बॉलपेननं लिहिलं होतं: पिवळा स्वेटर. दोघे भाऊ, भांडण. म्हातारी, पेपरमिंट देते. काठीवाला.

“हे काय आहे?”

“शेजारी कोण होतं ते.”

“शेजारी?”

“खुर्चीला खुर्ची लागून.”

“पण कॅप्टन, यातून माणसानं शोधायचं कसं? कुठला दौरा, कुठलं गाणं...”

“बँड तोच असायचा रे,” कॅप्टन म्हणाले.

त्यांनी एक कॅसेट काढली. पट्टीवर लिहिलं होतं, मफलरवाला. ती जुन्या डेकमध्ये घातली, बटण दाबलं आणि वेताच्या खुर्चीत बसले. निरंजन उभाच राहिला.

आधी नुसती खरखर. मग गर्दीचा लोंढा. मग लांबून, खाडीपलीकडून यावी तशी गिटार.

निरंजनचा हात आपोआप भिंतीला गेला.

हे गाणं त्यानं कधीच ऐकलं नव्हतं. कुठल्याही अल्बमवर नव्हतं. पण गिटार त्यांचीच, आवाज त्याच गायकाचा, आणि तो तरुण होता, जिवंत होता, नुकताच हसून माइककडे वळल्यासारखा.

आणि त्याच वेळी रेकॉर्डरच्या अगदी जवळ कोणीतरी खोकलं. कागदाची पुडी उलगडली. मग तो माणूस गुणगुणायला लागला. बेसूर. शब्द माहीत नसल्यामुळे नुसतं ‘हूं हूं’. गिटारचा एकटीचा तुकडा, सोलो, सुरू झाला तसं त्यालाही स्फुरण चढलं. तो सगळा तुकडा त्यानं आपल्या घोगऱ्या आवाजाखाली झाकून टाकला.

निरंजननं डोळे मिटून घेतले. कोणी चांगल्या चित्रावर ओलं फडकं फिरवावं तसं त्याला झालं.

गाणं संपायच्या आतच तो म्हणाला, “मला ही कॅसेट थोडे दिवस द्या.”

कॅप्टननी डेक बंद केला. “कशाला?”

“हा माणूस मी काढून टाकतो.”

“काढता येतो?”

“आता येतो. पूर्वी नसतं जमलं. खोकला, कागद, गुणगुणणं... त्याचा श्वाससुद्धा राहणार नाही. नुसतं गाणं राहील. असं की बँड तुमच्या या खोलीत येऊन वाजवतोय.”

कॅप्टननी त्याच्याकडे निरखून पाहिलं. पहिल्यांदाच.

“उलटं जमेल?”

“उलटं म्हणजे?”

“गाणं काढायचं... त्याला ठेवायचं.”

निरंजन हसला. मग त्याच्या लक्षात आलं की म्हातारा हसत नाहीये.

तो खाली स्टुलावर बसला.

“कोण होता तो?”

“माहीत नाही.”

“नाव?”

“विचारलं नाही. विचारलं असतं तरी एकमेकांची भाषा कुठं येत होती?” कॅप्टननी खांद्यावरचं सोपट काढून मांडीवर घेतलं. बोटांनी ते उलगडत राहिले. “त्या खेपेला जहाजावर आपल्याकडचं कोणी नव्हतं. महिनेच्या महिने गेले. कामापुरतं बोलणं, ते पण हातवारे करून. थंडी अशी की आपलाच आवाज घशात गोठावा. बंदराला लागलो. हॉल भरलेला. मी उभा... कुठं बसू कळेना. या माणसाच्या शेजारच्या खुर्चीवर त्याचा कोट होता. त्यानं तो उचलला आणि मांडीवर घेतला.”

“मग?”

“मग मी बसलो.”

निरंजन पुढचं ऐकायला थांबला. पुढचं काही नव्हतंच.

“संपल्यावर?” त्यानं विचारलं.

“संपल्यावर त्यानं मफलर गुंडाळला. माझ्याकडे बघून मान हलवली. गेला.”

बाहेर कुठंतरी पंपानं पाणी ओढायला सुरुवात केली...

इतक्यात पुढच्या घरातून हाक आली, “काका, चहा टाकलाय. पाहुण्यांना साखर चालते ना?” पुतण्याची बायको, लविना. आवाज भिंतीतून, खिडकीतून, सगळीकडून एकदम आत आला.

“चालते,” कॅप्टननी बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं.

निरंजन दचकला. आपल्याला साखर चालते की नाही, हे आपल्याला कोणी विचारून किती दिवस झाले, हे त्याला आठवेना. ते मनातून झटकावं म्हणून त्यानं आपल्या माहितीतला विषय काढला.

“माझ्या खोलीत असलं काही होत नाही. घरातच स्टुडिओ केलाय. भिंतींना फोम, दाराला दुहेरी फळी. बाहेरचा एक आवाज आत येत नाही.”

“छान.”

“दार लावलं की स्वतःच्या काळजाचे ठोके ऐकू येतात.”

“मग तुला हाक कशी मारतात?”

“हाक? हाक मारायला घरात कोणी...”

निरंजनचं वाक्य तिथंच राहिलं.

त्यानं ते पुरं करायला तोंड उघडलं. मिटलं. भिंतीवरच्या क्रुसाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं. एवढी साधी गोष्ट त्यानं आजवर मोठ्यानं म्हटली नव्हती. म्हणायला समोर कोणी असावं लागतं.

कॅप्टननी समजूत घातली नाही, विचारपूस केली नाही. ते उठले, कपाटाच्या खालच्या कप्प्यात हात घालून एक रेकॉर्डर काढला. कोपरे झिजलेला, कातडी पट्ट्याचा. त्यात कोरी कॅसेट बसवली आणि तो दोघांच्या मध्ये तिपाईवर ठेवला.

“तुला पहिली हवी ना?”

“हो.”

“इथंच करू. ती दुसरी खुर्ची घे. अशी लांब नको... जवळ.”

निरंजननं खुर्ची सरकवली. कॅप्टननी मफलरवाल्याची कॅसेट पुन्हा सुरुवातीला आणली. एका हातानं डेकचं बटण दाबलं, दुसऱ्या हातानं रेकॉर्डरचं.

लाल दिवा लागला.

तो लाल दिवा बघितला आणि निरंजनचं अंग सवयीनं आवरलं गेलं. त्यानं फोन बंद केला. घड्याळ काढून खिशात टाकलं. पाय जमिनीवर सपाट टेकवले, म्हणजे बूट वाजायला नकोत. तो नाकानं, अगदी हळू श्वास घेऊ लागला.

शेजारी कॅप्टनना असली काही फिकीर नव्हती. ते खुर्ची करकरवत डुलत होते. मांडीवर ठेका धरत होते. मध्येच खोकले. मफलरवाल्यानं पुडी उलगडली तेव्हा स्वतःशीच हसले.

पुन्हा ती गिटार आली.

या वेळी निरंजनला ती वेगळीच ऐकू आली. का, ते त्याला सांगता आलं नसतं. घोगरा माणूस गुणगुणायला लागला, आणि त्याच्या खालून गिटारचा तो एकटीचा तुकडा चढत चढत वर गेला, अशा ठिकाणी गेला की निरंजनचे डोळे भरून आले. कॉलेजची गच्ची आठवली, बायकोचा सोडून जातानाचा शांत चेहरा आठवला, गायक गेल्याची बातमी वाचून आपण रिकाम्या घरात नुसते उभे होतो ते आठवलं. हुंदका येतोय असं त्याला वाटलं.

लाल दिवा चालू होता.

त्यानं हुंदका गिळला.

गाणं संपलं. टाळ्यांचा लोंढा आला आणि ओसरला. कॅप्टननी दोन्ही बटणं बंद केली, रेकॉर्डरमधली कॅसेट मागे फिरवली आणि लावली.

दोघे ऐकू लागले.

खुर्चीची करकर आली. कॅप्टनचा खोकला आला, ठेका आला. पुढच्या घरातल्या कपबश्या आल्या, बाहेरचा पंप आला. लांबून बँड आला, आणि त्या बँडच्या अलीकडे, कितीतरी वर्षं ओलांडून, मफलरवाला आला.

गाणं शेवटापर्यंत वाजलं.

“छान उतरलंय,” निरंजन दबक्या आवाजात म्हणाला. त्यातही त्याच्या कसबाचा थोडा अभिमान होता. “माझ्याकडून जरासुद्धा आवाज झाला नाही.”

कॅप्टननी मान हलवली.



मग त्यांनी दोन्ही कॅसेटी पुन्हा सुरुवातीला नेल्या आणि रेकॉर्डिंगच्या बटणावर बोट ठेवलं.

“परत लावतो. या खेपेला तू पण ये.”