इथे बंडू कोणी नाही

“...पण बुवा, खोलीत एकट्यानं राहायचं कसं, तेवढं सांगा ना.”

बुवा जेवत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, झुणक्याला लावला आणि तोंडात घातला. 

विचारणारा पोरगा राजूरकर. नदीपलीकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलात राहणारा. दहावीला बोर्डात आलेला, आणि ते सगळ्यांना कळेल अशा बेतानं वागणारा. गुरुवारी आमच्या मठात झुणका-भाकर असते, म्हणून हॉस्टेलची पोरं पूल ओलांडून येतात. अध्यात्माशी त्यांना काही देणंघेणं नाही. मेसच्या पाणचट वरणाला कंटाळलेली असतात, दुसरं काय. मी त्यांना वाढतो आणि मनातल्या मनात शिव्या घालतो, कारण स्वतःचं ताट एकही जण धूत नाही.

हा मात्र त्या दिवशी पंगतीला बसला नाही. सरळ बुवांपुढे येऊन बसला.

पोरं बुवांना असं काहीबाही विचारतात आणि बुवा त्यांना साधंच सांगतात. मेसमध्ये एकटा जेवू नकोस. कपडे सकाळीच धू, नंतर नळाला पाणी नसतं. घरची आठवण आली की पांघरूण घेऊन पडू नकोस, उठून चहाला जा आणि जाताना कोणाला तरी बरोबर ने. शेजारचा घोरत असेल तर त्याच्या आधी झोप. असलं सगळं. पोरं हसतात, पण पुढच्या गुरुवारी जरा माणसात आलेली दिसतात.

राजूरकरलाही बुवांनी हेच सांगितलं. तो म्हणाला, हे सगळं मला माहीत आहे.

मला राग आला. एवढं माहीत आहे तर इथे कशाला आलास, असं अगदी ओठांवर आलं होतं.

बुवांनी हात धुतले. खोलीत दुसरा कोणी नाही का, म्हणून विचारलं. होता, आता सोडून गेला, असं तो म्हणाला. मग बरंच झालं की, बुवा म्हणाले. दिवाळीआधी तूच इथे बसून रडगाणं गात होतास. तो मोठ्यानं वाचतो, माझी बादली वापरतो, त्याच्या ट्रंकेला तेलाचा वास येतो. खोली एकट्याची पाहिजे होती, ती मिळाली.

पोरगा सतरंजीचा धागा ओढत बसला.

“नाव काय त्याचं?”

“नाकाडे.”

“हे आडनाव झालं. नाव?”

...

ज्यांनी हॉस्टेल पाहिलेलं नाही त्यांना हे सांगायला हवं. तिथे पोरांना नाव राहत नाही. खोलीच्या दारावर आडनाव, मेसच्या पाटीवर आडनाव, जिन्यातून हाक मारायची तीही आडनावानं. वर्षभर एका खोलीत झोपणाऱ्या पोरांना एकमेकांचं नाव विचारा, ती डोकं खाजवतात. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. त्या दिवसापर्यंत मलाही वाटलं नव्हतं.

“डी. एन. असं काहीतरी...” राजूरकर म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, “घरी त्याला बंडू म्हणतात.”

“कोणी सांगितलं?”

“त्याच्या वडिलांनी.”

“कधी?”

...

 बुवा थांबले. बुवांना थांबता येतं. मला येत नाही, मी उगाच भांडी आपटत राहिलो.

शेवटी त्यानं सांगितलं ते असं.

परीक्षेचे दिवस होते. तेव्हा मोबाइल आलेले नव्हते, हॉस्टेलचा एकुलता एक फोनही महिनोन् महिने बंद असायचा. दुपारी दारावर थाप पडली. बाहेर धोतर नेसलेला एक म्हातारा उभा होता, पायांवर पिंढरीपर्यंत धूळ. “आमचा बंडू इथंच राह्यते ना, बापू?” त्यानं विचारलं.

राजूरकर दुसऱ्या दिवशीच्या पेपरचं वाचत होता. तो म्हणाला, “इथे बंडू कोणी नाही.”

म्हातारा म्हणाला, पोरानं तर जिन्याजवळची खोलीच सांगितली होती. राजूरकर म्हणाला, एकदा सांगितलं ना. आणि त्यानं दार लावून घेतलं.

आडनाव सांगायचं त्या माणसाला सुचलं नसेल. आपल्या पोराला बाप कधी आडनावानं विचारतो का? आणि पुढे बोलायला त्याला कोणी सवडच दिली नाही. नाकाडे त्या वेळी खाली, इमारतीच्या मागच्या नळावर कपडे धूत होता. म्हातारा पुढच्या दारानं निघून गेला. त्याला परतीची एसटी गाठायची होती, कारण घरी बायको शेवटच्या घटका मोजत होती आणि तिनं बंडूचा धोशा लावला होता.

निरोप पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. नाकाडे गावी गेला, आणि तेरावं उरकून परत आला तो आपली ट्रंक न्यायला.

तेव्हा राजूरकरला त्याच्याकडून कळलं. बाप गावभर सांगत होता, मी गेलो होतो, मला दारातूनच परत पाठवलं. पोरानंच तसं शिकवून ठेवलं असेल. धोतरातल्या बापाची लाज वाटली असेल त्याला. आणि नाकाडे म्हणत होता, बाप आलाच नव्हता, आता लोकांपुढे खोटं बोलतो. आईला अग्नी दिला तो चुलत्यानं. बापलेक एका घरात राहत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

ट्रंक बांधून झाल्यावर नाकाडेनं विचारलं होतं, “राजूरकर, माझ्याकडे कोणी आलं होतं का रे?”

बुवांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

“मग? काय म्हणालास?”

“नाही म्हणालो.”

...

पोरगा रडायला लागला. मला त्याची कीव आली नाही, खोटं कशाला सांगू. मला त्या म्हाताऱ्याची आली. त्या दिवशी तो एसटी स्टँडकडे याच पुलावरून गेला असेल. आमच्या नळावर पाणीही प्यायला असेल आणि मीच त्याला म्हटलं असेल, जरा बाजूला व्हा, भांडी घासायची आहेत. मी असंच म्हणतो सगळ्यांना.

राजूरकर सांगत होता, की आता झोप येत नाही. समोरची रिकामी कॉट बघवत नाही म्हणून तोंड भिंतीकडे करून पडतो. दारावर कोणीही टकटक केलं तरी तो दारच उघडत नाही. जेवण जात नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं नुसती दिसतात. कॉलेज सोडून द्यावंसं वाटतं, पण घरी जाऊन काय सांगणार? घरच्यांना वाटतंय, पोरगा पहिला येणार.

“तुम्ही काहीतरी द्या, बुवा. एखादं नामस्मरण सांगा. रोज करीन. उपास सांगा, तोही करीन.”

बुवा म्हणाले, माझ्याकडे तसलं काही नाही.

मग तो पुढे सरकला आणि बुवांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला.

बुवांनी पाय मागे घेतले.

एवढी वर्षं मी मठात आहे. दारुडे आलेले पाहिले, बायकोला मारून आलेले पाहिले, बुवांनी कोणाला पायांपासून दूर केलेलं मी पाहिलं नव्हतं. पोराचं डोकं तसंच अर्ध्यावर राहिलं. माझ्या हातातलं फडकं खाली पडलं.

“इथे नको,” बुवा म्हणाले. “त्यांच्या गावाला जा.”

जाऊन काय सांगू, म्हणून तो विचारू लागला. पत्र लिहिलं तर चालेल का, नाकाडेला एकट्याला गाठून सांगितलं तर चालेल का, सुट्टी लागल्यावर गेलो तर... असं बरंच काही. बुवांनी त्याला सगळं बोलू दिलं.

“दोघांना समोरासमोर बसव,” मग ते म्हणाले. “म्हातारा आला होता, हे सांग. दार मी लावलं, हे सांग.”

“नाकाडे मला मारेल.”

“मारू दे.”

“ते मला माफ करतील का?”

“नाही.”

...

“कधीच नाही?”

“तिला शेवटी पोरगा दिसला नाही. ते कोण माफ करणार? करणारी होती ती गेली.”

 पंगतीतली पोरं जेवून, ताटं तशीच टाकून पुलाकडे निघाली होती. त्यातल्या एकानं बाहेरून हाक दिली, ए राजूरकर, चल. त्यानं मान वर केली नाही.

“बुवा...” तो म्हणाला.  “माफ करणार नसतील, तर जाऊन मला मिळणार काय?”

“तुला काही नाही,” बुवा म्हणाले. “म्हाताऱ्याला पोरगा मिळेल.”