चौकातले ठिपके

एकदा काय झाले, मुलांनो, एका नगरात पहाट यायचीच थांबली. हसू नका, नीट ऐका.

त्या नगरात पहाटेला घरे ओळखू यायची ती दारातल्या रांगोळीवरून. रांगोळी दिसली, की त्या दारी उजेड ठेवून ती पुढच्या दारी जाई. पण एका वर्षी नगरात पटकीची साथ आली. घरोघरी माणसे गेली. सुतकात दारी रांगोळी काढत नाहीत, हे तुम्हांला ठाऊक आहेच. मग पहिल्या घराचे सुतक फिटले. पण शेजारचे फिटायचे होते. शेजारी दुःखात असताना आपल्या दारी रांगोळी बरी दिसेल का? म्हणून पहिले घर थांबले. पुढे शेजारचेही फिटले. तेव्हा त्यांना वाटले, पहिल्यांनी अजून काढली नाही, मग आपण कशी काढावी? असे सारे नगर एकमेकांचा मान राखत बसले. पटकी केव्हाच गेली; रांगोळी मात्र कुणी काढली नाही.

मग पहाट वेशीपर्यंत यायची, दार शोधायची आणि परत जायची. नगरात सदा करडा, मळकट उजेड. माणसे एकमेकांकडे जाईनाशी झाली. ओळखीचे चेहरेही परके वाटू लागले.

तिथे आवडाबाई नावाची म्हातारी राहत असे. पटकीने तिचे सारे घर नेले होते. उरली होती एक नात, पाच वर्षांची कृष्णी. आणि तीही उन्हावाचून झिजत चालली होती. वैद्यबुवांनी नाडी पाहिली. म्हणाले, "औषध माझ्याजवळ नाही, आवडाबाई. पोरीला ऊन हवे. आठ दिवसांत मिळाले, तरच."

आवडाबाईने रांगोळीचा डबा उचलला. पण स्वतःच्या दारी ती काढेना. शेजाऱ्यांच्या मनाला लागले असते. तीही त्याच नगरातली, बरं का! ती गेली चौकात. चौकाला दार नसते, म्हणून सुतकही नसते. वेशीवरून दिसावेत म्हणून तिने चौकभर ठिपके घातले. एकही ठिपका ओळीबाहेर नाही. त्यात सात दिवस गेले, डबा संपला आणि बोटेही वळेनाशी झाली.

मग ती तिथेच बसून येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणू लागली, "एक रेघ ओढून जा."

पहिला आला गणोबा रंगारी. म्हणाला, "म्हातारे, आमच्या शेजारी अजून..."

"तुझा शेजारी राहू दे. या चौकाला कुठला शेजारी?"

गणोबा घरी गेला. मग त्याने घरात झाकून ठेवलेली नीळ आणली. चार ठिपके जोडले आणि पाचव्याशी रडू लागला.

दुसरी आली ठकूबाई. ती हळद विकत असे. पटकीत तिचा नवरा गेला होता. लांबूनच म्हणाली, "माझ्या हातची चालेल का?"

"मग मी कोण, सवाष्ण? बस खाली!"

ठकूबाईने ओंजळी भरभरून हळद आणली.

तिसरा आला एक परदेशी लमाण, बैलांवर मिठाच्या गोण्या लादून. "हे काय पेरलंस, माय?"

"पहाट."

"माझ्याजवळ तर मीठच आहे."

"तेही पांढरेच असते. ओत."

तिघांना पाहून मग आणखी माणसे आली.

"अहो, तुमची रेघ वाकडी गेली!"

"मग तुम्ही काढा सरळ, शहाणे!"

वर्षभरात त्या नगरात कुणी कुणाला शहाणे म्हटले नव्हते.

आठव्या दिवशी शेवटचा ठिपका जोडला गेला. पहाट वेशीतून आत आली, चौकाच्या मधोमध आली आणि तिथेच थांबली. पुढे दारच नव्हते. आवडाबाई घरातून कृष्णीला खांद्यावर घेऊन धावत आली. ऊन मधे, आणि भोवती रांगोळी. रांगोळीवर पाय कोण देणार? सारे नगर हात जोडून उभे राहिले. पोरीचा श्वास तुटत होता.

मग आवडाबाईनेच पाय टाकला. नीळ फिसकटली. "मोडू दे," ती म्हणाली. चार पावलांवर ती पोरीला घेऊन खाली बसली. तेव्हा गणोबा आत शिरला, ठकूबाई शिरली, मग सगळेच शिरले. हातोहात पोरगी उन्हात गेली. हळूहळू तिचा श्वास सावरला.

शेवटी कृष्णी म्हणाली, "आजी, डोळ्यांत टोचतंय."

मग माणसे घरी निघाली. तळव्यांना नीळ, हळद आणि मीठ लागले होते. प्रत्येकाच्या मागे रंगीत पावले उमटत त्याच्या दारापर्यंत गेली, आणि त्या पावलांवरून पहाट एकेका दारी पोहोचली.

गेलेले कुणी परत आले नाही. पुढच्या वर्षी आवडाबाईही गेली. कृष्णीच्या दारी सुतक होते. पण शेजारच्या तिन्ही घरांनी त्या दिवशी मुद्दाम रांगोळी काढली. त्यांच्या दारच्या उजेडात बसून कृष्णी आजीसाठी पोटभर रडली. मग ठकूबाईने तिला आपल्या घरी नेले, आणि तिथे ती सुखाने वाढली.

झाली गोष्ट. आता पांघरुणे हनुवटीपर्यंत ओढा, कुशीवर वळा आणि डोळे मिटा.