निघालोच!

टेबलावरचे कॉम्प्युटर आपसात बोलायचे, तेव्हाची गोष्ट. गुरांच्या दवाखान्यातल्या चॅटच्या खिडकीला नव्या सोयी जोडल्या. एक फुलं उधळायची, एक आपणहून उत्तर द्यायची.

एकदा डेअरीतून निरोप आला, ‘गाय विताना अडलीये, डॉक्टरांना पाठवा.’ उत्तर देणाऱ्या सोयीनं झटकन लिहिलं, ‘हो, निघालोच!’ डॉक्टर तर मागच्या अंगणात लस टोचत होते.

कीबोर्ड भडकला, “अगं भवाने, कोण निघालंय? माझी एक तरी कळ दाबली का कुणी?”

“चिडता काय मामा? उत्तर लगेच गेलं ना!”

“तिकडं गाय मरतीये, आणि ते तुझ्या भरवशावर बसलेत!”

पुन्हा निरोप आला. ती तोंड उघडणार, तोच कीबोर्डनं खाडकन खिडकीच बंद केली.

उत्तर येईना, तेव्हा कुठं डेअरीवाल्यांनी फोन लावला. डॉक्टर हातातली सुई टाकून धावले.