झुंबर कासाराचं सोयाबीन

एका गावात झुंबर नावाचा एक भोळा कासार राहायचा. गावातल्या झाडून साऱ्या बायकांच्या हातात बांगड्या भरायचा, पण त्याच्या डोक्यात काही भरायचं म्हटलं की सांगणाराच दमायचा.

त्याची बायको हौसाबाई. पन्नाशीला आली आणि तिच्या अंगाची भट्टी झाली. बसल्या जागी घाम, रात्री डोळ्याला डोळा लागेना. झुंबरचा तिच्यावर भारी जीव. तडक डॉक्टरीणबाईंकडे गेला.

बाई म्हणाल्या, "या वयात बाईच्या अंगातला एक हार्मोन कमी होतो. जवस, सोयाबीन यांत त्याच्यासारखंच काहीतरी असतं. त्याच्या जागी ते थोडंफार काम करतं. काहींना गुण येतो, काहींना नाही. रोज चमचाभर जवस द्या."

झुंबरनं दिलं. अख्खं. गेलं तसंच बाहेर आलं.

"अहो, भाजून कुटून द्यायचं असतं," बाई म्हणाल्या. "आणि हाडांसाठी या गोळ्याही द्या."

झुंबरनं गोळ्या तव्यावर भाजल्या, खलबत्त्यात कुटल्या. पाकिटासकट. हौसाबाईनं चिमूटभर पूड तोंडात टाकली आणि दिवसभर थुंकत बसली.

"गोळीला काही करायचं नसतं हो. तशीच पाण्याबरोबर गिळायची," बाई म्हणाल्या. "बरं, आता सोयाबीन सुरू करा."

झुंबरनं मूठभर कच्चं सोयाबीन बायकोच्या हातावर ठेवलं. "गिळ. वर पाणी पी." संध्याकाळपर्यंत तिच्या पोटाचा नगारा झाला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, रात्रभर भिजवायचं, मऊ शिजवायचं, मग द्यायचं."

हे सांगायला झुंबर घरी आला, तर हौसाबाईची पिशवी भरलेली.

"मी माहेरी चालले. घाम तिथंही येईल, पण तुमचं औषध येणार नाही."

"अगं, गुरुवारी सत्यनारायण आहे. माझ्या शेजारी कोण बसणार?"

"तुमचं सोयाबीन बसवा."

आता बायकोचा शब्द. झुंबरनं कधी मोडला नव्हता.

गुरुजींनी समजावलं, "अरे, बायको नसली तर तिच्या जागी सुपारी ठेवतात."

"सुपारी एवढीशी असते गुरुजी. आणि तिनं सोयाबीन सांगितलंय. डॉक्टरीणबाईपण म्हणाल्या, जे नाही त्याच्या जागी ते काम करतं."

इकडे माहेरी हौसाबाईला चैन पडेना. तो भोळा पूजेला एकटा बसणार, लोक काय म्हणतील? गुरुवारी सकाळच्या एसटीनं ती परत आली.

दारात ही गर्दी. गुरुजी तोंडात उपरणं कोंबून बसलेले. एका पाटावर झुंबर, शेजारच्या पाटावर भलंमोठं पोतं. पोत्याला तिचाच हिरवा शालू, कुंकू, वरच्या दोन्ही टोकांना डझनभर बांगड्या, आणि झुंबरच्या उपरण्याशी गाठ मारलेली. खालून पाणी गळतंय, वरून वाफ निघतेय.

"ही कोण बसवलीत?" हौसाबाईनं विचारलं.

"तूच की," झुंबर म्हणाला. "रात्रभर भिजवलं तुला. पहाटे चुलीवर मऊ शिजवलं."

हौसाबाई गाठ सोडायला पुढं झाली, तसा तो काळजीनं म्हणाला, "थांब, हात लावू नकोस. अजून गरम आहेस."