बादली आणा, बादली आणा!

एक होती शिंपिणबाई. एवढंसं पाखरू. पानं शिवायची, त्यातच राहायची. जास्वंदीच्या पानात तिचं घरटं. घरट्यात पिल्लं. शिंपिणबाई अळी आणायची, "टुविट टुविट" गायची. लगेच पिल्लं चोच उघडायची. आऽऽ!

एका सकाळी गल्लीत घंटागाडी आली. कचरा न्यायला. टिंग टिंग टिंग! भोंगा ओरडला,

"बादली आणा, बादली आणा, बादली आणा हो!"

गाणं कसलं, डोकेदुखी! पण ते शिरलं शिंपिणबाईच्या डोक्यात आणि बसलं ठाण मांडून. तिने अळी आणली. गायला गेली. आणि बाहेर काय आलं?

"बादली आणा हो!"

पिल्लांनी चोची घट्ट मिटल्या. आमची आई बादली कशाला मागेल? ही कोण बया?

शिंपिणबाईला रडूच आलं. पिल्लं उपाशी ना!

निघाली टुणुक टुणुक. गाठलं गाडीवाल्या सोपानदादाला.

"दादा, दादा, गाणं थांबव!
माझं गाणं मला आठवेना,
पिल्लं माझी चोच उघडीनात!"

दादा म्हणाला, "थांबवीन की! सगळ्यांच्या बादल्या आल्या. पण आधी इंदूकाकूने बादली ठेवायला हवी." आणि स्वतःच गुणगुणला, "बादली आणा हो!"

निघाली टुणुक टुणुक. दारात उभी इंदूकाकू.

"काकू, काकू, बादली ठेव!
दादा गाणं थांबवीना,
माझं गाणं मला आठवेना,
पिल्लं माझी चोच उघडीनात!"

काकू म्हणाली, "ठेवीन की! पण आधी काळू कुत्र्याने ती सोडायला हवी. मेला रोज उलथवतो!" आणि पदर खोचून गुणगुणली, "बादली आणा हो!"

निघाली टुणुक टुणुक. कोपऱ्यावर बसला काळू, बादली कवटाळून.

"काळू, काळू, बादली सोड!
काकू बादली ठेवीना,
दादा गाणं थांबवीना,
माझं गाणं मला आठवेना,
पिल्लं माझी चोच उघडीनात!"

काळू म्हणाला, "सोडीन की! पण आधी ओवीने मला पोळी द्यायला हवी." आणि शेपटीने ताल धरला. बादली आणा हो!

निघाली टुणुक टुणुक. पायरीवर बसली ओवी. हातात तूपसाखरेची पोळी.

"ओवी, ओवी, पोळी दे!
काळू बादली सोडीना,
काकू बादली ठेवीना,
दादा गाणं थांबवीना,
माझं गाणं मला आठवेना,
पिल्लं माझी चोच उघडीनात!"

ओवी म्हणाली, "देईन की! पण आधी माझं गाणं संपायला हवं." आणि लागली गायला. "बादली आणा, बादली आणा, बादली आणा..."

संपतंय कसलं! त्या गाण्याला शेवटच नव्हता. शिंपिणबाई थांबली. आणखी थांबली. मग मात्र चिडली. बसली ओवीच्या गुडघ्यावर आणि ओरडली,

"आणली! आणली! बादली आणली! झालं!"

ओवी गप्प. अय्या, संपलं की! सगळे नुसते 'आणा' म्हणत होते. 'आणली' म्हणायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

मग ओवीने पोळी दिली, चट्!
काळूने बादली सोडली, झट्!
काकूने बादली ठेवली, ठण्!
दादाने गाणं थांबवलं, खट्!

गल्ली शांत. शिंपिणबाईचं डोकंही शांत. हळूच चोच उघडली, आणि काय आलं?

"टुविट टुविट!"

आली की आई! पिल्लांनी चोची उघडल्या. आऽऽ! अळी पोटात गुडुप. पण एका अळीने काय होतंय? पुन्हा टुविट, पुन्हा आऽऽ! दिवसभर टुविट, दिवसभर आऽऽ!

संध्याकाळी काळू आला धापा टाकत.

"बाई, बाई, गाणं थांबव!
डोक्यात नुसतं टुविट टुविट,
माझं भुंकणं मला आठवेना!"

शिंपिणबाई म्हणाली, "थांबवीन की! पण आधी पिल्लांनी चोच मिटायला हवी."

आणि पिल्लं काय म्हणाली?

आऽऽऽ!