भिवराकाकीचे तळे

पाहुणे, हे तळे जरा नीट बघा. चौकोनी आहे, घराएवढे. इथे घरच होते, असे सांगतात.

त्या घरात भिवराकाकी एकटी राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. डावीकडे केरबाचे घर, उजवीकडे म्हाळूचे. दोघेही तिला भाकरी आणून देत, आणि दोघांचाही डोळा तिच्यामागे उरणाऱ्या चीजवस्तूंवर. म्हातारी अंथरुणाला खिळली तेव्हा तिने दोघांना बोलावले.

"माझ्या सासऱ्यानं या घराखाली ठेव झाकून ठेवलीया. ती तुम्हा दोघांची. पण मी गेल्यावर आधी घर उतरवा, मगच खणा. तोवर कुदळ लावू नका."

"ठेव कसली, काकी?" केरबाने विचारले.

"धीर धराल तर कळंल."

धीर कुणालाच नव्हता. आपण थांबलो तर दुसरा गाठेल, हीच दोघांना धास्ती. दोघांनीही गुपचूप आपापल्या गोठ्यातून तिच्या घराखाली भुयार खणायला घेतले. म्हातारीला जमिनीतून ठकठक ऐकू यायची.

"काय वाजतंय रं?"

"घुशी असतील, काकी," म्हाळू म्हणायचा आणि मातीने भरलेली नखे धोतरात लपवायचा.

आवाज रोज जवळ येत गेला. शेवटी शेवटी ती जेवेनाशी झाली. जमिनीला हात लावून नुसती पडून राहायची.

एका दुपारी दोन्ही भुयारे तिच्या अंथरुणाखाली भिडली. मध्ये एक शिळा होती. मागे कोण हटणार? दोघांनी दोन बाजूंनी पहारी घातल्या. शिळा कलंडली आणि खालून पाणी उसळले. सासऱ्याने दुष्काळासाठी राखलेला झरा होता तो. त्या वर्षी गावातल्या बायका पाण्यासाठी दोन कोस चालत होत्या.

दोघे सरपटत कसेबसे बाहेर पडले. मागे वळून पाहतात तो भिंती खचत होत्या. आतून म्हणे एकच हाक आली, "थांबा रं!" मग छप्परही पाण्याखाली गेले.

केरबा आणि म्हाळू म्हातारे होऊन मेले, पण या पाण्याचा घोट काही त्यांच्या घशाखाली उतरला नाही.

आजही इथे कुणी थेट घागर बुडवत नाही. काठावर उभे राहून विचारायचे, "काकी, भरू का?" मग दहा श्वास थांबायचे. काही ऐकू आले नाही, तरच भरायचे.

ऐकू आले तर?

तर रिकाम्या घागरीने घरी यायचे. परवा माझी सून आली, तशी.